एक्सल खोलण्याआधी

खापरला रस्त्याच्या कडेला उभे राहिले की एकाच गाडीला दोन तऱ्हेने जगावे लागते हे दिसते. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर हा जुना, सदा वाहता रस्ता गावातून जातो. पश्चिमेला गुजरातचा सागबारा, पूर्वेला अक्कलकुवा, तळोदा, शहादा. हे सगळे डांबराचे आणि वेगाचे जग. उत्तरेला मात्र सातपुडा आहे, आणि तिकडे वळलेली गाडी थोड्याच वेळात खडी, मुरूम, नाल्यातले गोटे आणि पावसाळ्यात चिखल तुडवू लागते. मोलगीकडचा आमचूर आणि भगर खाली येते; वर धान्य, सिमेंट, पत्रे आणि माणसे जातात. काठीच्या होळीच्या दिवसांत डोंगराकडची ही वाहतूक आणखी वाढते. यातल्या बहुतेक गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. फोर बाय फोर जीप, पिकअप किंवा लहान ट्रक संख्येने थोडे. पण जे आहेत त्यांना पाठवतात तेच मुळी जिथे दुसरी गाडी अडते तिथे. त्यांचा पुढचा एक्सल सकाळी डांबरावर ऐंशीच्या वेगाने फिरतो आणि दुपारी ओढ्यातल्या दगडांवर अंगाचा जोर लावतो. म्हणूनच तो बिघडतो, आणि म्हणूनच त्याचा बिघाड ओळखताना सगळ्यात जास्त चुका होतात. या दुरुस्तीच्या कामात राहून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते इथे पुराव्यासह मांडायचे आहे: कोणता पार्ट खराब आहे हे विचारण्याआधी, गाडी कोणत्या अवस्थेत असताना त्रास होतो हे विचारले पाहिजे. अवस्था ठरली की बहुधा एकच बाजू, एकच जोड खोलावा लागतो. क्रम उलटा केला की चांगले पार्ट बदलले जातात आणि खराब पार्ट गाडीतच राहतो.

मागच्या एक्सलला मुख्यतः दोन कामे असतात: भार पेलणे आणि चाक फिरवणे. पुढच्याला तिसरे काम आहे, ते म्हणजे फिरत असतानाच वळणे. सगळी गुंतागुंत या तिसऱ्या कामातून येते. वळलेल्या चाकाला ताकद पोहोचवायला शाफ्टच्या टोकाशी एक लवचीक जोड लागतो, आणि हा जोड कसा करावा यावर गाडी बनवणाऱ्यांनी बरीच वर्षे डोके खपवले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये बेंडिक्स, रझेपा, स्पायसर आणि ट्रॅक्टा असे चार वेगवेगळ्या प्रकारचे जोड बसवले गेले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्राने याच विलीज घराण्याची जीप आणली, आणि खेड्यापाड्यांतल्या मिस्त्रींची फोर व्हीलशी ओळख तिनेच करून दिली. यातला सगळ्यात साधा जोड म्हणजे क्रॉस. मजबूत, स्वस्त, कुठेही मिळणारा. पण त्याला एक जन्मजात खोड आहे. सरळ रेषेत तो दोन्ही बाजूंना सारखा फिरतो. कोनात मात्र आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन ३० अंशांचा असेल तर ही गती सरासरीच्या सुमारे १५ टक्के वर आणि १३ टक्के खाली जाते. म्हणजे क्रॉसवाल्या गाडीत फोर व्हील लावून, स्टेअरिंग पूर्ण कापून, टणक जमिनीवर गाडी पुढे घेतली तर स्टेअरिंग हाताला झटके देणारच. तो बिघाड नव्हे. तो त्या जोडाचा स्वभाव आहे. एवढे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले क्रॉस ठोकून बाहेर काढले जातात, नवे बसतात, आणि झटके तसेच राहिल्यावर दोष पुढच्या पार्टवर ढकलला जातो.

आता अवस्थांकडे. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हाताने लॉक-फ्री करायचे हब आहेत, त्यांनी तपासणीची सोय आपल्या अंगावरच बाळगलेली असते. ती वापरणारे मात्र कमी. आधी दोन्ही हब फ्री करायचे आणि ट्रान्सफरचा, म्हणजे पुढच्या एक्सलकडे ताकद वळवणाऱ्या पेटीचा, दांडा टू व्हीलला ठेवायचा. या अवस्थेत पुढची चाके फक्त आपल्या बेअरिंगवर फिरतात. आतला शाफ्ट, क्रॉस, क्राउन-पिनियन, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सगळे स्थिर असते. या अवस्थेत आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, टायरचा किंवा ब्रेकचा आहे. एक्सलचे पोट उघडण्याचे काही कारण नाही. आवाज थांबला तर पुढे जायचे: हब लॉक करायचे, दांडा टू व्हीललाच ठेवायचा. आता चाके आतल्या सगळ्या साखळीला फिरवतात, पण तिच्यावर इंजिनाचा जोर नाही. इथे सुरू झालेला आवाज फिरण्याचा आहे: कोरडा पडलेला क्रॉस, खडबडीत झालेले पिनियन बेअरिंग, तोल गेलेला शाफ्ट. त्यानंतर मोकळ्या मातीच्या जागेवर दांडा फोर व्हीलला टाकायचा. जो आवाज फक्त इथे येतो तो जोराचा आहे: क्राउन-पिनियनच्या दातांमधला जास्तीचा प्ले, खालपर्यंत झिजलेला सीव्ही जॉइंट, घासलेला स्प्लाइन. आणखी एक उलटी अवस्थाही उपयोगी पडते: हब फ्री, दांडा फोर व्हीलला. चाकांना काही करायचे नसते, तरी ट्रान्सफर पुढच्या शाफ्टला फिरवतो. हब लॉक करून टू व्हीलवर गप्प असलेला आवाज इथे बोलू लागला, तर संशय एक्सलवरून उठून ट्रान्सफरकडे जातो. चारही अवस्थांना मिळून अर्धा तासही लागत नाही, आणि पाना एकदाही उचलावा लागत नाही. याच ओघात एक फसवी तक्रारही सुटते. "फोर व्हील लागतच नाही" म्हणून ट्रान्सफर उतरवायची तयारी होते, आणि निघते काय, तर एका बाजूचा हब आतून लॉकच झालेला नसतो. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद सोप्या वाटेने जाते. एक बाजू मोकळी राहिली की सगळे फिरणे तिकडे पळते आणि पुढची दोन्ही चाके निकामी ठरतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा असतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा कान तयार झालेला असतो. शेजारी बसून शंभर मीटर गेले की तो सांगतो, डावीकडचे बेअरिंग गेले. असे कान मी खोटे मानत नाही. पण त्या कानापर्यंत आवाज कोणत्या वाटेने येतो हे पाहिले पाहिजे. पोलादातून आवाज हवेपेक्षा पंधरा पटींच्या आसपास वेगाने जातो, आणि एक्सल, पाटे, चासी, केबिन ही सगळी एकमेकांना बोल्टने आवळलेली पोलादाची वाट आहे. उजव्या चाकाशी निघालेली घरघर डाव्या पायाखाली ऐकू येते, पुढच्या पिनियनचे गुणगुणणे गिअरबॉक्समधून आल्यासारखे वाटते. कान आवाजाची जात ओळखतो; त्याची जागा ओळखताना तो फसतो. जागेसाठी दुसऱ्या खुणा लागतात. सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे घेतली की भार उजव्या चाकावर येतो. त्या क्षणी घरघर वाढली तर उजवे बेअरिंग, कमी झाली तर डावे. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जातच बदलली, तर तो टायरचा. बेअरिंगला खालचा रस्ता कसला आहे याच्याशी देणेघेणे नसते. गाडी घोडीवर चढवून चाक हाताने फिरवताना दुसरा हात पाट्यावर किंवा कॉइल स्प्रिंगवर ठेवला, तर खराब बेअरिंगची किरकिर बोटांना लागते, कानाला लागत नसली तरी. (जॅकवर उचललेली गाडी घोडीशिवाय हलवून बघू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.) आवाज जोर दिल्यावर येतो की सोडल्यावर, हेही पाहायचे. पिनियनचे दात ॲक्सिलरेटर दाबताना एका अंगाने आणि सोडताना दुसऱ्या अंगाने एकमेकांवर बसतात, म्हणून क्राउन-पिनियनचा आवाज पाय उचलताच सूर बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा बदलत नाही. कान असलेल्या माणसाने या खुणा वापरल्या तर त्याच्या कानाला आधारच मिळतो.

प्ले तपासण्याची गोष्टही अशीच आहे. चाक वर-खाली धरून हलवले आणि ते डुलले की लगेच निकाल दिला जातो, बेअरिंग सैल. पण चाक तीन ठिकाणांमुळे वर-खाली डुलू शकते: बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, आणि कधी कधी सैल हब. इथे साधी युक्ती आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा हलवायचे. ब्रेक लागला की चाक नकलशी, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या वळणाऱ्या भागाशी, जखडले जाते आणि त्यांच्यामधले बेअरिंग खेळातून बाद होते. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक आडवे, म्हणजे डाव्या-उजव्या कडांना धरून हलवले आणि फक्त तेव्हाच डुलले, तर टाय रॉडचे टोक किंवा स्टेअरिंगचा बॉक्स पाहायचा. जुन्या पद्धतीच्या, गोल डब्यासारख्या बंद नकलच्या एक्सलमध्ये किंगपिनच्या बेअरिंगवरचा दाब पातळ पत्र्यांनी म्हणजे शिमने ठरवतात. परत बसवताना एखादा शिम जास्त पडला की किंगपिन सैल राहतो, आणि ठरावीक वेगाला एखाद्या खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके डावी-उजवीकडे नाचू लागतात, ती गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत. ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीला स्टेअरिंग डॅम्पर बदलून परत पाठवणे ही माझ्या मते या कामातली सगळ्यात धोक्याची चूक आहे. नवा डॅम्पर नाच दाबतो, कारण दाबत नाही. गाडी चालवणाऱ्याला वाटते दुरुस्ती झाली; आणि देवगोई घाटाच्या उताराला, माणसे भरलेली असताना, तोच सैलपणा डॅम्परच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून नाचणाऱ्या चाकांच्या तक्रारीत डॅम्परला शेवटचा नंबर द्यावा: आधी टायरची हवा आणि तोल, मग टाय रॉड, किंगपिन, पाट्यांचे बुश, यू बोल्ट, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट. पाट्यांकडे तर फार थोडे लोक पाहतात. पाटे बसले, शॅकल चुकीच्या लांबीची पडली किंवा मागे अतोनात भार भरला, की एक्सलचा पुढे-मागे असलेला कल बदलतो. तो कमी झाला तर गाडी भरकटते, जास्त झाला तर स्टेअरिंग जड होऊन चाकांना नाचायला वाव मिळतो. सुटे पार्ट सगळे नवेकोरे असूनही गाडी सरळ जात नाही, त्यामागे पुष्कळदा हा कल असतो.

इथपर्यंत बिघाड कुठे आहे याचा विचार झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: तो तिथे का झाला. हा प्रश्न सोडला तर नवा पार्टही जुन्याच्या वाटेने जातो. पुढच्या एक्सलच्या बाबतीत याचे उत्तर पुष्कळदा एक्सलच्या बाहेर सापडते. साध्या, मधे डिफरन्शियल नसलेल्या फोर व्हीलमध्ये दांडा टाकला की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. दोघांना सारखेच फिरावे लागते. पण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन एक्सलमधले अंतर २.७ मीटर धरले आणि मागच्या एक्सलचा मध्य ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो असे मानले, तर पुढच्याची त्रिज्या ८.४४ मीटर येते. पूर्ण फेरीत पुढचा एक्सल सुमारे २.८ मीटर जास्त चालतो. घाटातल्या एका पूर्ण उलट्या वळणात १.४ मीटर. मातीवर हा फरक चाक थोडे घसरून भरून काढते. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून तो फरक शाफ्ट, क्रॉस आणि दातांमध्ये पिळासारखा साठतो. दांडा मग टू व्हीलला यायला तयार होत नाही, आणि तक्रार येते, "ट्रान्सफर जाम झाला." गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घेतली की तो बहुधा सुटतो, हे चालक स्वतःहून शिकलेले असतात, पण हा उपाय वारंवार करावा लागतो म्हणजे डांबरावर फोर व्हील चालू ठेवली जाते, हा निष्कर्ष काढणारा सापडणे कठीण. डोंगरातला कच्चा रस्ता संपून पक्का रस्ता सुरू होतो तिथेच दांडा काढायचा असतो. दमलेला चालक तो काढायचा विसरतो आणि गाडी तशीच खापरपर्यंत येते.

टायरचा मामलाही याच जातीचा आहे. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर असतो. मागे नवे टायर आणि पुढे ६ मिलिमीटर झिजलेले असले, तर व्यासात १२ मिलिमीटरचा म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. कागदावर हे काहीच नाही. पण असा टायर किलोमीटरला ४३५ च्या आसपास फेरे मारतो; दीड टक्का म्हणजे दर किलोमीटरला सात फेऱ्यांचा वाद, आणि एक्सलचे गुणोत्तर चारच्या आसपास असेल तर शाफ्टच्या बाजूला हाच वाद जवळजवळ तीस फेऱ्यांचा होतो. हा सगळा वाद कोणाला तरी सोसावा लागतो: कधी टायरला, कधी क्रॉसला, कधी पिनियनला. आपल्याकडे रिमोल्ड टायर सर्रास वापरतात, आणि पंक्चर झाल्यावर स्टेपनीला असेल तो टायर लागतो. पुढच्या दोन चाकांमध्येच लहान-मोठे टायर असले तर डिफरन्शियलची छोटी चाके सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतात, जी फक्त वळणासाठी घडवलेली असतात. रिमोल्ड वापरू नका असे सांगण्यात अर्थ नाही, कारण नव्या चार टायरची किंमत ज्याला परवडते तो माणूस वेगळा. अर्थ आहे तो मोजण्यात. टायरवर खडूची रेघ मारायची, गाडी सरळ ढकलून बरोबर एक फेरा पुरा करायचा, जमिनीवरचे अंतर टेपने मोजायचे. चारही चाकांचे आकडे लिहायचे. जे दोन जवळचे ते एका एक्सलवर, आणि पुढचे-मागचे शक्य तितके सारखे. खडू आणि टेप प्रत्येक गॅरेजमध्ये असतात.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण पावसाळ्यात देहलीसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले हा या भागाचा रोजचा व्यवहार आहे. घाट उतरून आलेला एक्सल तापलेला असतो. तो थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. यासाठीच एक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जाण्यासाठी. तो मातीने बंद झाला की ओढ ऑइल सीलवर येते, सीलच्या कडेतून पाणी आत जाते आणि ऑइल ताकासारखे पांढुरके होते. असे ऑइल निघाले की सील बदलतात. सील बदलल्यावर पाणी पुन्हा जाते, कारण ब्रीदर तसाच बुजलेला असतो. तो काढून फुंकून पाहायला किंवा त्याला नळी लावून तोंड उंच घ्यायला मिनिटे लागतात. पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्या गाडीचे ऑइल पंधरवड्याला एकदा लेव्हल प्लग ढिला करून बोटावर घेऊन पाहावे. त्यात चमकणारी पोलादी कचकच आणि पांढरेपणा यांतले जे दिसेल ते दोन वेगळ्या दिशांना नेते: पहिले दातांकडे किंवा बेअरिंगकडे, दुसरे ब्रीदर आणि सीलकडे.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप, आणि तो पैशाचा आहे. गाडीचा मालक म्हणतो, तपासणीत दिवस घालवण्यापेक्षा भंगारातून अख्खा एक्सल आणून टाका. गाडी उद्या रस्त्यावर हवी. यात तथ्य आहे. उभी गाडी कमावत नाही, आणि कर्जाचा हप्ता उभ्या गाडीलाही माफ होत नाही. पण अख्खा एक्सल बदलणे हा तपासणी टाळण्याचा मार्ग नाही; तिथे तर तपासणी आणखी काटेकोर लागते. जुन्या जीपच्याच घराण्यातले उदाहरण घ्या. युद्धकाळातल्या विलीजच्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.८८ होते, क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दात. नंतरच्या सीजे मालिकेत ५.३८ आले, ४३ आणि ८ दात. बाहेरून दोन्ही एक्सल सख्ख्या भावांसारखे दिसतात, बोल्टही बसतात. मागे ५.३८ असताना पुढे ४.८८ बसला तर तेवढ्याच शाफ्टच्या फेऱ्यात पुढची चाके दहा टक्के जास्त फिरतात. टायरच्या दीड टक्क्याने काय होते ते आपण पाहिले. दहा टक्क्यांनी पहिल्याच डांबरी वळणावर काहीतरी तुटते. टू व्हीलवर मात्र गाडी अगदी नीट चालते, म्हणून दुरुस्ती झाली असे सगळ्यांना वाटते, आणि चूक उघडी पडते ती डोंगरात, दांडा टाकल्यावर. हे ओळखायला एक्सल उघडावा लागत नाही. एक चाक पक्के धरून दुसरे बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि तेवढ्यात पिनियनच्या टोकाला किती फेरे पडले ते खडूच्या खुणेने मोजायचे. साध्या डिफरन्शियलमध्ये तोच आकडा गुणोत्तर सांगतो. मागच्यावरही तेच करायचे. आकडे जुळले तर एक्सल खुशाल बसवा. भंगारातला माल मी कमी लेखत नाही. या भागातल्या जुन्या गाड्या त्याच्या जिवावर धावतात. न मोजता बसवलेल्या मालाला मात्र माझा विरोध आहे.

नव्या गाड्यांबद्दलचा आक्षेप वेगळा: आता हब हाताने फिरवावे लागत नाहीत, बटण दाबले की फोर व्हील लागते, आणि बिघाड स्कॅनर सांगतो, मग ही जुनी शिस्त कशाला? स्कॅनरचे मोल आहे. बटणापासून मोटारपर्यंतची वायर तुटली, सेन्सर बंद पडला, तर तो ते नेमके दाखवतो, आणि त्यासाठी ट्रान्सफर उतरवणे मूर्खपणाचेच. पण सैल बॉल जॉइंटला वायर नसते. बुश चिरला, क्रॉस सुकला, बेअरिंग खडबडीत झाले, याबद्दल स्कॅनर गप्प असतो, आणि त्याची शांतता म्हणजे गाडी ठीक असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. जिथे हब फ्री करता येत नाहीत तिथे अवस्था पाडायचा दुसरा मार्ग आहे: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट तात्पुरता काढून, त्या गाडीच्या पुस्तकाने मनाई केली नसेल तर, तिला मागच्या चाकांवर फिरवायचे. शाफ्ट काढल्यावर कंप गेला तर शाफ्ट किंवा त्याचे क्रॉस. आवाज राहिला तर तो चाकांच्या किंवा एक्सलच्या बाजूचा. दोन्ही फ्लँजवर आधी खडूने खूण करावी आणि शाफ्ट त्याच खुणेवर परत लावावा, नाहीतर जो कंप शोधायला गेलो तोच आपण बसवून येतो.

राहिला चालकाचा प्रश्न. असे म्हणतात की चालकाला काही सांगता येत नाही, तो फक्त "पुढून आवाज येतो" एवढेच म्हणतो. मला हे पटत नाही. तो दिवसभर त्या गाडीत बसतो. त्याच्याइतकी माहिती कोणाकडेच नाही. अडचण आपल्या प्रश्नाची आहे. "काय झाले?" विचारले की तो पार्टचे नाव शोधू लागतो, कारण त्याला वाटते मिस्त्रीला तेच हवे. "कधी होते?" विचारले की उत्तरे भराभर येतात: चढावर, माणसे भरल्यावर, उजवीकडे कापताना, पाण्यातून निघाल्यावर, पाय सोडला की. खापरला हा प्रश्न कधी अहिराणीत, कधी वसावी बोलीत, कधी गुजरातीत विचारावा लागतो, आणि प्रत्येक भाषेत "कधी"चे उत्तर "काय"पेक्षा सोपे असते. ते उत्तर कागदावर लिहून ठेवावे, गाडीच्या नंबरासह. दुरुस्ती झाल्यावर तीच अवस्था पुन्हा घडवून पाहावी: तोच चढ, तोच भार शक्य असेल तर, तेच वळण. मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात गाडी फिरवली की डावा आणि उजवा दोन्ही क्रॉस बोलतात. इथल्या काही पाड्यांमधून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, आणि पुढचा प्रवास जी गाडी मिळेल तिनेच होतो. ती गाडी चुकीच्या पार्टसाठी चार दिवस गॅरेजात उभी राहिली की त्या चार दिवसांचा हिशेब बिलावर येत नाही. म्हणून गाडी दारात आली की मी आधी कागद काढतो, चालकाला शेजारी बसवतो, आणि हब फ्री आहेत की लॉक, हे विचारतो.